बोलण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा



अन्याय झाला तर गप्प बसावे काय? मुळीच नाही. पण बोलावे कसे आणि थांबावे कुठे, हे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहातून शिकता येते.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केले. पण ते कागदावरच! गुरेढोरे तिथे पाणी पीत. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र बंदी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीने लोकांना घेऊन शांतपणे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

त्यानंतर गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. अफवा खोटी होती. तरी जमाव चिडला आणि परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उगारू दिला नाही. पाहा बरं, एका खोट्या वाक्याने केवढा अनर्थ झाला!

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेवढ्यात कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. हजारो लोक तयारीने जमले होते. तरी बाबासाहेबांनी सत्याग्रह पुढे ढकलला आणि खटला लढविला. ही माघार नव्हती. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे लागली, पण हक्क मिळाला.

पुढे तेच घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकांना दोन मोठे हक्क दिले आहेत: आपले मत मांडणे, आणि शस्त्रांशिवाय शांततेने एकत्र जमणे. पण बदनामी करणे, गुन्ह्याला चिथावणी देणे, सार्वजनिक शांतता बिघडविणे यांवर सरकार कायद्याने वाजवी बंधन घालू शकते. ‘वाजवी’ हा शब्द महत्त्वाचा. सरकारला मत आवडले नाही, एवढ्याने तोंड बंद करता येत नाही. बंधन वाजवी आहे की नाही, हे कोर्ट तपासते.

आपल्या खडवलीचेच उदाहरण घ्या. लोकल रोज उशिरा येऊ लागली तर स्टेशनमास्तरांकडे तक्रार लिहा, सह्या गोळा करा, परवानगी काढून सभा भरवा. पण रुळावर बसून गाडी अडविणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. त्याच गाडीतून कुणी आजारी माणूस कल्याणच्या दवाखान्यात निघालेला असेल. आपला हक्क मागताना त्याचा हक्क तुडवायचा नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: खरे बोला, निर्भयपणे बोला, पण कुणाचे डोके फुटेल असे बोलू नका.

विचार करा
१. अफवा आणि मत यांत फरक काय?
२. मनाई हुकूम आल्यावर सत्याग्रह पुढे का ढकलला असेल?
३. गावचा नळ चार दिवस बंद आहे. ग्रामपंचायतीला अर्ज लिहा. (घरच्यांची मदत घ्या.)