आधी धावपट्टी, मग इंजिन

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती करायची ठरली की बहुतेक जण सगळ्यात आधी इंजिन घेऊन बसतात. मग प्लॅन येतो, बाल्सा येतं, आणि रिट्रॅक्ट, म्हणजे उड्डाणानंतर पंखात मिटणारे पाय, ते शेवटी कधीतरी बघू म्हणून राहतात. पुण्याच्या आसपासच्या मुरमाच्या पट्ट्यांवर मी बरीच वर्षं वॉरबर्ड, म्हणजे अशी लढाऊ विमानं, उडवतो आहे आणि माझं ठाम मत झालं आहे की हा क्रम उलटा आहे. सुरुवात जमिनीपासून करायची. आपली पट्टी कशी, त्यावर किती मोठं चाक लागेल, ते चाक कुठल्या पंखात मावेल, त्या पायावर केवढा प्रॉप (नाकावरचा पंखा) फिरेल, आणि तो प्रॉप कुठलं इंजिन फिरवेल, असं खालून वर जायचं. पुढचं सगळं दीड ते पावणेदोन मीटर पंखविस्ताराच्या, चार-पाच किलोच्या विमानाबद्दल आहे.

१. खऱ्या विमानांच्या अभियंत्यांनाही हाच पेच पडला होता.

कॉर्सेअर आणि थंडरबोल्ट या दोन्ही अमेरिकन विमानांत प्रॅट अँड व्हिटनीचं आर-२८०० हे १८ सिलिंडरचं, दोन हजार अश्वशक्तीचं इंजिन होतं. एवढी ताकद हवेत उतरवायची तर प्रॉप प्रचंड मोठा हवा. कॉर्सेअरचा चार मीटरच्या वर होता. मोठा प्रॉप म्हटला की पाय लांब, आणि लांब पाय विमानवाहू जहाजावर आदळत उतरताना टिकणं अवघड. म्हणून कॉर्सेअरचा पंखच मुळाशी खाली वाकवला आणि पाय त्या वाकणाच्या सर्वांत खालच्या जागी बसवून आखूड ठेवले. थंडरबोल्टवाल्यांनी वेगळी वाट काढली. त्यांचे पाय मिटताना नऊ इंचांनी आखूड होत, तेव्हा कुठे ते पंखात मावत. इंजिनाने पाय ठरवला आणि पायाने पंख. आपल्या कामाच्या टेबलावर हाच हिशेब छोट्या प्रमाणात मांडायचा असतो.

२. इंजिनाचे पैसे देण्याआधी कागदावर बेरीज-वजाबाकी करा.

उदाहरण घेऊ. हॉकर हरिकेनची सातास एक प्रतिकृती, पंखविस्तार १७४ सेंटिमीटर. इंजिन २० सीसीचं चार-स्ट्रोक, ज्याला आपण १२० म्हणतो. त्याला साधारण १६ इंची प्रॉप लागतो. व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत २०. शेपूट उचलून विमान धावत असताना प्रॉपचं टोक जमिनीपासून निदान ४ सेंटिमीटर वर हवं. म्हणजे प्रॉपचा मध्य जमिनीपासून २४ सेंटिमीटरवर. चाक १० सेंटिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचा आस जमिनीपासून ५ वर. उरले १९. प्रॉपच्या मध्यापासून चाकाच्या आसापर्यंत एवढं उभं अंतर हवं.

आता आडवं मोजा. या मापात दोन चाकांमधलं अंतर सुमारे ३३ सेंटिमीटर येतं. हरिकेनचे पाय आत मिटतात, म्हणजे प्रत्येक पायाला मध्यरेषेपर्यंत साडेसोळा सेंटिमीटर जागा. त्यातले ५ चाकाच्या त्रिज्येत गेले. पाय फार तर साडेअकरा सेंटिमीटरचा. त्याहून लांब केला की मिटताना दोन्ही चाकं मध्यरेषेवर एकमेकांना धडकणार. १९ मधून साडेअकरा गेले, राहिले साडेसात. रिट्रॅक्टचा बिजागर प्रॉपच्या मध्यापासून तेवढा खाली बसला पाहिजे. प्लॅनवर पट्टी ठेवून पाहा. बसत असेल तर इंजिन ठरलं.

त्याच विमानावर १८ इंची प्रॉप मागणारं मोठं इंजिन लावलं तर पाय अडीच सेंटिमीटरनी वाढतो आणि सगळं गणित कोसळतं. दुकानात ‘थोडं मोठं घ्या, ताकद पुरून उरेल’ असं सांगणारे खूप भेटतात. हे अडीच सेंटिमीटर कुठून आणायचे ते त्यांना विचारा.

३. पहिलं रिट्रॅक्टचं विमान म्हणून हरिकेन घ्या, स्पिटफायर नको.

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण स्पिटफायरइतकं देखणं विमान दुसरं नाही. पण त्याचे पाय पंखाच्या मुळाशी जोडलेले असतात आणि बाहेरच्या बाजूला मिटतात, त्यामुळे दोन चाकं एकमेकांच्या फार जवळ येतात. सातास एकच्या मापात ती जेमतेम २५ सेंटिमीटरवर असतात. बाजूने वाऱ्याची झुळूक आली, एक चाक खड्यावर चढलं, की पंखाचं टोक जमिनीला लागतं. जर्मन मेसरश्मिट १०९ ची तीच रड. हरिकेन आणि मस्टँग यांची चाकं ऐसपैस, म्हणून जमिनीवर ती विमानं समजूतदार वागतात.

दुसरं कारण पंखाच्या जाडीचं. हरिकेनच्या पंखाची मुळाशी जाडी त्याच्या रुंदीच्या १९ टक्के, स्पिटफायरची १३. आपल्या मापात हा फरक दीड-दोन सेंटिमीटरचा होतो आणि तेवढ्यात जाड, फुगीर, मऊ चाक मावतं. विदेशातल्या कापलेल्या हिरवळीवर पातळ चाक चालून जातं. आपल्या मुरमावर ते रुततं आणि विमान नाकावर उभं राहतं.

शिवाय हरिकेन आपलंही विमान आहे. १९४४ च्या इंफाळच्या लढाईत स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. ते रंग, ती चिन्हं पंखावर उमटवताना हाताला वेगळंच बळ येतं.

४. इंजिनाच्या पुस्तिकेतले आकडे दख्खनच्या पठारासाठी नसतात.

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मे महिन्यात ३८ अंश तापमानाला इथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी विरळ असते. इंजिनाला तेवढा श्वास कमी, प्रॉपला तेवढी पकड कमी आणि पंखाला तेवढा आधार कमी. त्या दुपारी उतरण्याचा वेगही सात टक्क्यांनी वाढतो, आणि तो जास्तीचा वेग शेवटी सोसायचा असतो पायांनीच. म्हणून प्लॅनवर इंजिनाची किमान आणि कमाल मर्यादा दिलेली असेल तर पठारावर कमालच्या जवळ राहा. कोकणपट्टीत किंवा गोव्यात उडवणाऱ्यांना मधलं माप पुरतं.

कमालच्या पलीकडे मात्र जाऊ नका. इंजिन जड झालं की विमान जड, विमान जड झालं की उतरणं वेगवान, आणि मग पायांवरचा भार दोन्हीकडून वाढतो.

५. ग्लो की पेट्रोल, हे तुमच्या गावात काय मिळतं त्यावर ठरवा.

दोन-स्ट्रोक ग्लो, म्हणजे मिथेनॉलवर चालणारं, इंजिन हलकं, स्वस्त आणि सोपं. पण ते छोटा प्रॉप वेगाने फिरवतं. १० सीसीचं ६१ साधारण १२ इंचीवर चालतं. रुंद नाकाच्या वॉरबर्डपुढे १२ इंची प्रॉप केविलवाणा दिसतो आणि इंजिन झाकणाऱ्या काउलपुढेच त्याचा निम्मा भाग वाया जातो. चार-स्ट्रोक मोठा प्रॉप सावकाश फिरवतं, आवाजही खऱ्या विमानाच्या जवळ जाणारा, आणि इंधन कमी पितं. वॉरबर्डला ग्लो लावायचं तर चार-स्ट्रोकच, हा माझा कौल.

अडचण इंधनाची. मिथेनॉल विषारी, त्याच्या विक्रीवर बंधनं आहेत, ते कुठल्याही दुकानात मागून मिळत नाही. नायट्रोमिथेन त्याहून दुर्मीळ. आपल्याकडची जुनी मंडळी ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल यावर पिढ्यान् पिढ्या उडवत आली आहेत, एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइनवर हात बसवलेल्यांना तर हा वास ओळखीचा आहे. एरंडेल इंजिन तापलं तरी धातूला चिकटून राहतं, आपल्या उन्हाळ्यात ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र नायट्रोविना चार-स्ट्रोक मंद गतीवर थोडं कुरकुरतं, तेव्हा त्याला गरम प्लग द्या.

२० सीसीपासून पुढे पेट्रोल इंजिनं आली आणि चित्र पालटलं. पंपावरचं पेट्रोल, त्यात टू-स्ट्रोक तेल, झालं. खर्च ग्लोच्या मानाने किरकोळ. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीत आठवडाभर पेट्रोल राहिलं, त्यात पावसाळा असला, की कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा कडक होऊ लागतो आणि इंजिन सकाळी सुरूच होत नाही. उड्डाण संपलं की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. नळी पेट्रोलला टिकणारीच हवी; ग्लोची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगून निकामी होते. इग्निशनची बॅटरी वेगळी ठेवा, आणि इग्निशनचा डबा रिसीव्हरपासून निदान फूटभर लांब.

काउल बंद असेल तर आणखी एक पाहा. हवा आत येण्याच्या भोकापेक्षा बाहेर जाण्याचं भोक मोठं हवं, निदान दुप्पट. आत आलेली हवा सिलिंडरच्या पात्यांमधूनच गेली पाहिजे, म्हणून बाल्साची किंवा पातळ प्लायची आडभिंत घाला. नाकाचं भोक कितीही मोठं केलं तरी बाहेरची वाट अरुंद असेल तर इंजिन तापणारच.

६. इंजिनाचा धूर आणि थरथर शेवटी पायांतच जाऊन बसतात.

मफलरचं तोंड जिथे उघडतं तिथून तेल पोटावरून मागे वाहत जातं आणि थेट चाकांच्या खोबणीत शिरतं. त्यावर मुरमाची तांबडी धूळ बसते. ही लगदी स्क्रूवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक रिट्रॅक्टची शत्रू. मफलरला वाकडी नळी लावून तोंड पंखाच्या मागच्या बाजूला न्या. एक सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची थरथर स्क्रू ढिले करते, म्हणून धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक हवंच.

७. रिट्रॅक्टचे तीन प्रकार, आणि माझी पसंती इलेक्ट्रिकला.

यांत्रिक प्रकारात सर्व्हो सळईने पाय ओढतो. दोन्ही टोकांना कुलूप बसेपर्यंत सळई बरोबर जुळवावी लागते आणि किंचितही अडकली तर सर्व्हो बॅटरी पिऊन टाकतो. हवेवर चालणारे रिट्रॅक्ट सुरेख सावकाश मिटतात, पण त्यात टाकी, नळ्या, झडप, रबराच्या रिंगा आल्या, आणि यातलं काहीही गळू शकतं. हवेचेच घ्यायचे असतील तर हवा संपल्यावर स्प्रिंगने आपोआप खाली येणारे घ्या. आकाशात हवा गेली तरी निदान पाय तरी मिळतो.

इलेक्ट्रिकमध्ये प्रत्येक पायाला आपली मोटर. नळ्या नाहीत, सळया नाहीत. पाय अडकला की मोटर जास्त प्रवाह ओढते आणि आतलं सर्किट ती थांबवतं. त्यांना स्वतंत्र बॅटरी द्या. रिसीव्हरच्या बॅटरीवर हा भार टाकू नये. युनिट निवडताना जाहिरातीतलं वजन विमानाच्या कोरड्या वजनाशी ताडू नका, इंधनासकट भरलेल्या वजनाशी ताडा आणि वर एक माप जास्त घ्या.

८. रिट्रॅक्ट मोडत नाही, त्याचं लाकूड फाटतं.

किटमध्ये येणारी मऊ लाकडाची पट्टी काढून टाका. बीच किंवा सागाची पट्टी, तीही निदान तीन रिबमध्ये खाच करून घुसवलेली आणि सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवलेली असावी. रिबना दोन्ही बाजूंनी पातळ प्लाय चिकटवा. लाकडात थेट जाणाऱ्या स्क्रूपेक्षा मागे पकड-नट लावून बोल्ट घाला. पायाच्या खाली स्प्रिंगचा स्ट्रट असेल तर धक्का आधी तिथे जिरतो, नुसती पोलादी तार असेल तर तिला निदान एक वेटोळं हवं.

विमान उड्डाणाच्या पातळीत धरलं की चाकाचा आस गुरुत्वमध्याच्या पुढे हवा. गुरुत्वमध्यातून खाली ओढलेली उभी रेषा आणि चाकाकडे जाणारी रेषा यांत १५ ते २० अंशांचा कोन ठेवा. कमी ठेवला तर ब्रेक लागल्यासारखं विमान नाकावर जातं, जास्त ठेवला तर उतरताना उड्या मारतं.

९. तोल पाय मिटवून तपासा.

मस्टँगचे पाय आडवे मिटतात, तोल फारसा हलत नाही. हरिकेनचे आत आणि थोडे मागे जातात. कॉर्सेअर, पी-४० यांचे नव्वद अंशांत वळत सरळ मागे जातात, आणि गुरुत्वमध्य सोबत मागे नेतात. जमिनीवर पाय उघडे ठेवून साधलेला तोल हवेत तसाच राहील असं धरून चालू नका. आखूड नाकाच्या झीरो किंवा फोके-वुल्फला पुढे शिसं भरावंच लागतं. तिथे शिशापेक्षा जड चार-स्ट्रोक किंवा पेट्रोल इंजिन परवडतं, वजन तेवढंच आणि ताकद वर.

१०. एक पाय खाली आलाच नाही, तर दुसराही वर घ्या.

एका पायावर उतरलं की पंखाचं टोक रुतून विमान गिरकी घेतं आणि रिट्रॅक्टची पट्टी मुळासकट उपटून निघते. दोन्ही मिटवून, थ्रॉटल बंद करून, पट्टीशेजारच्या गवतावर पोटावर उतरवा. सहसा प्रॉप आणि थोडं कव्हरिंग एवढ्यावर भागतं. पायाचा स्विच कुठल्या उंचीवर आणि कुठल्या वळणावर दाबायचा हे आधीच ठरवा, म्हणजे अडचण कळल्यावर इंधन हातात असतं.

पट्टी, चाक, पाय, प्रॉप आणि इंजिन यांचे आकडे एकाच कागदावर एकाखाली एक लिहा. तुमच्या मैदानावर वॉरबर्ड उडवणारं कुणी अनुभवी असेल तर तो कागद आणि प्लॅन घेऊन त्याच्याकडे जा, पट्टीने पुन्हा एकदा मोजून घ्या, आणि मगच इंजिनाची ऑर्डर द्या.