हिरवळ कापणाऱ्या ट्रॅक्टरास इंजेक्शन-इंजिन बसविणे

फळबागेतील मोकळ्या पट्ट्या, रोपवाटिका व क्रीडांगणे यांतील गवत कापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान ट्रॅक्टरांचा सांगाडा व पाती सुस्थितीत असतानाही पुष्कळदा इंजिन मात्र झिजून जाते. अशा वेळी कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने इंधन देणारे पेट्रोल इंजिन बसविता येते. त्यात विद्युत्-नियंत्रक मोजून इंधन देतो. म्हणून थंडीत ते लवकर सुरू होते व पेट्रोलची बचत होते. तथापि हे काम म्हणजे केवळ चार बोल्ट बदलणे नव्हे. त्याबरोबर इंधनाची व विजेची व्यवस्थाही बदलावी लागते.

निवड : अश्वशक्तीपूर्वी मापे पाहावीत. शाफ्ट उभा आहे की आडवा, त्याचा व्यास 1 इंच की 1⅛ इंच, त्याची लांबी, चावीची खाच व बोल्टांची भोके ही सर्व जुळली पाहिजेत. 2025 मध्ये भारतात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांपर्यंत पोहोचले; परंतु अनेक लहान इंजिने 10 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठीच बनविलेली असतात. म्हणून खरेदीपूर्वी निर्मात्याची पुस्तिका अवश्य पाहावी.

इंधन-व्यवस्था : कार्बुरेटरच्या नळीत दाब अगदी थोडा असतो. इंजेक्टरच्या नळीत मात्र तो बहुधा दर चौरस इंचास सुमारे 40 पौंड असतो. जुनी नळी व साधे चाप तेथे ठेवल्यास नळी निसटून पेट्रोल तापलेल्या नळकांड्यावर उडते व आग लागते. यास्तव इंजेक्शनसाठी बनविलेली नळी, चाप व गाळणीच वापरावी. टाकी आतून स्वच्छ धुवावी. नळी सोडण्यापूर्वी दाब उतरवावा.

वीज-व्यवस्था : जुन्या इंजिनात ठिणगीची तार सांगाड्यास जोडली की इंजिन बंद पडते. नव्या इंजिनाच्या नियंत्रकास 12 व्होल्टचा प्रवाह लागतो. म्हणून तारा रंग पाहून नव्हे, तर नकाशा पाहून जोडाव्यात. चालक उठताच इंजिन थांबविणारा आसनाखालील स्विच कधीही वगळू नये. तो वगळल्यास फिरती पाती हातपाय तोडू शकतात. सांगाड्यास वेल्डिंग करावयाचे झाल्यास बॅटरी व नियंत्रक यांची जोडणी आधी सोडावी.

चाचणी : इंजिन सुरू न करता किल्ली फिरवून पंप चालू द्यावा व प्रत्येक सांधा कोरडा आहे याची खात्री करावी. नंतरच इंजिन मोकळ्या जागी सुरू करावे. फेरे निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेतच ठेवावेत. शेवटी ट्रॅक्टर उभा असताना चालकाने आसनावरून किंचित उठून स्विच काम करतो की नाही ते पाहावे.

बॅटरी दुर्बळ असल्यास हे इंजिन सुरू होत नाही; म्हणून हंगाम नसतानाही तिची निगा राखावी. नळी व स्विच यांवरील खर्च वाचविणाऱ्यास इंजिनाचा लाभ मिळत नाही, धोका मात्र पदरी पडतो.