थायरॉईड, झोप आणि स्वप्ने : गोळीवरचा खोटा आळ

थायरॉईडची गोळी झोप उडवते आणि वाईट स्वप्ने दाखवते, हा समज वऱ्हाडातल्या दवाखान्यांत वरचेवर ऐकू येतो. “गोई घेतली का डोयाच लागत नाही,” असे सांगणाऱ्या रुग्णाने बहुतेक वेळा गोळी आधीच बंद केलेली असते. समज अगदी निराधार नाही, म्हणूनच तो चिवट आहे. गोळीची मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तर झोप खरोखर बिघडते. पण तो दोष मात्रेचा असतो. रक्त तपासून मात्रा कमी केली की तो जातो. त्यासाठी गोळी सोडावी लागत नाही.

दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडून येणाऱ्या चाळिशीतल्या बाईंची हकीकत साधारण अशी असते. थकवा, बद्धकोष्ठ, सुजल्यासारखा चेहरा म्हणून रक्त तपासले, टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारा आकडा) वाढलेला निघाला आणि लेव्होथायरॉक्सिन, म्हणजेच थायरॉईडची गोळी, सुरू झाली. काही दिवसांनी रात्री स्वप्ने पडू लागली. शेजारणीने गोळीकडे बोट दाखवले. गोळी दोन दिवस बंद ठेवली आणि तिसऱ्या रात्री गाढ झोप लागली. झाले, पुरावा मिळाला! या पुराव्यात खोट आहे. लेव्होथायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे 7 दिवस लागतात. दोन दिवसांच्या खंडाने शरीरात फारसे काही बदलत नाही. गाढ झोप लागली ती बहुधा गोळीची धास्ती गेल्यामुळे. गोळी सोडल्याचा खरा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो. पुन्हा अंग जड होते, घोरणे वाढते, दिवसा पेंग येते. तोवर गोळी बंद केल्याचे बाई विसरून गेलेल्या असतात आणि ‘अशक्तपणा’ची सलाईन लावून घ्यायला दुसऱ्या दवाखान्यात जातात.

स्वप्ने सगळ्यांनाच पडतात. रात्रीच्या झोपेत दर दीड तासाच्या सुमारास एक टप्पा येतो, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, हातापायांचे स्नायू सैल पडतात आणि मेंदू जागेपणाइतका कामात असतो. ठसठशीत स्वप्ने बहुतांशी या टप्प्यातली. माणूस नेमका तेव्हा जागा झाला तर स्वप्न लक्षात राहते, नाहीतर सकाळपर्यंत पुसले जाते. म्हणून झोप वारंवार मोडणारी कोणतीही गोष्ट ‘स्वप्ने वाढवते’. थायरॉईड हे काम दोन्ही बाजूंनी करू शकतो. त्याचे संप्रेरक वाढले तरी, आणि कमी झाले तरी.

संप्रेरक वाढले की हृदय जोरात धावते, हात थरथरतात, भूक असूनही वजन उतरते, जीव घाबरा होतो. झोप लवकर लागत नाही, लागली तरी घामाने आणि धडधडीने मोडते. येथे वऱ्हाडचे हवामान निदान अवघड करते. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, कूलरमधून गरम वारा येतो, तेव्हा घाम आणि अर्धवट झोप हे कशाचेच लक्षण ठरत नाही. लक्ष द्यायचे ते डिसेंबरात. घरची मंडळी दुलईत गुरफटलेली असताना जो एकटा पंखा लावून झोपतो, त्याची तपासणी व्हावी. उलट, भर उन्हाळ्यात कूलर बंद करायला लावून चादर ओढणाऱ्या माणसात संप्रेरक कमी असण्याची शंका घ्यावी. घरच्या घरी करण्याजोगी आणखी एक जुनी परीक्षा उपयोगी आहे. रुग्ण गाढ झोपेत असताना कोणीतरी त्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. नुसत्या काळजीने दिवसा धडधडणाऱ्या माणसाची नाडी झोपेत उतरते. थायरॉईड वाढलेल्याची झोपेतही नव्वदीच्या वर राहू शकते. यावरून निदान करायचे नसते, डॉक्टरांना आकडा सांगायचा असतो.

संप्रेरक कमी असलेला माणूस खूप झोपतो, पण ताजातवाना उठत नाही. जीभ व घशातले भाग सुजतात, वजन वाढते, श्वासाचे स्नायू मंदावतात. मग घोरता घोरता श्वास क्षणभर अडतो आणि रुग्ण दचकून उठतो. गुदमरल्याची, बुडत असल्याची स्वप्ने सांगणाऱ्या रुग्णाच्या जोडीदाराला म्हणूनच घोरण्याबद्दल विचारावे लागते. रुग्णाला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. थायरॉईडच्या उपचाराने हा त्रास पुष्कळदा कमी होतो. न झाल्यास झोपेची स्वतंत्र तपासणी लागते. आजार फार काळ तसाच राहिला तर मनावरही परिणाम होतो. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी 1949 साली अशा 14 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांना भ्रम होत होते आणि ज्यांच्या वेडाचे मूळ थायरॉईडमध्ये होते.

जाग आली आहे, पण हात हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, या अनुभवाला गावात ‘बाहेरचं’ म्हणतात आणि उतारा काढला जातो. मन जागे झालेले असते, पण स्वप्नाच्या टप्प्यातली स्नायूंची शिथिलता अजून सुटलेली नसते, एवढेच त्यात घडते. काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत ते आपोआप सुटते. त्याने जीव जात नाही. पण ताईत बांधून रुग्णाची गोळी आणि तपासणी दोन्ही बंद करणारा मांत्रिक मात्र खरे नुकसान करतो.

स्वप्नांसाठी खरोखर जबाबदार असू शकणारे एक औषध मात्र नजरेआड राहते. थायरॉईड वाढलेल्यांना धडधड थांबवण्यासाठी सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉल देतात. ते मेंदूत सहज पोहोचते आणि काहींना त्याने भडक, भीतीदायक स्वप्ने पडतात. हे डॉक्टरांना सांगावे. पर्याय असतो. मनाने एकदम बंद करू नये, धडधड उसळून येते.

रिपोर्टच्या बाबतीतला गोंधळ वेगळाच. टीएसएच दिवसभर सारखा नसतो. मध्यरात्रीनंतर तो सर्वांत वर जातो आणि दुपारी खाली येतो. झोप त्याला थोडी आवरते, जागरण वाढवते. रानडुकरांपासून पीक राखायला शेतात जागल करणारा, किंवा विजेच्या रात्रपाळीमुळे हरभऱ्याला रात्रीच पाणी देणारा शेतकरी सकाळी थेट रक्त देऊन आला तर टीएसएच किंचित वाढलेला दिसू शकतो. अशा सीमारेषेवरच्या एका आकड्यावरून जन्माची गोळी सुरू करू नये. काही आठवड्यांनी, नीट झोप झाल्यावर, शक्यतो त्याच वेळेला पुन्हा तपासावे. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांनीही काही यंत्रांवर रिपोर्ट फसतो आणि नसलेला ‘वाढलेला थायरॉईड’ दिसतो. तपासणीआधी किमान दोन दिवस त्या थांबवाव्यात आणि तसे लॅबमध्ये सांगावे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत पुन्हा रक्त तपासून हाती काही लागत नाही, पैसे तेवढे जातात.

गोळी घेण्याची पद्धतच अनेकदा चुकलेली असते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. चहासोबत गोळी गिळणाऱ्यांची मात्रा वाढत जाते आणि दोष कंपनीला मिळतो. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. सोयाबीनच्या वड्याही गोळीच्या वेळेपासून दूर ठेवाव्यात. ज्यांना पहाटेची शेतीची, दूध काढण्याची कामे आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते. नेदरलँड्समधल्या 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री गोळी घेणाऱ्यांचा टीएसएच उलट अधिक चांगला आटोक्यात आला. रात्रीची गोळी झोप उडवते, हा समजही सोडून द्यावा. आणि बाटली टिनाच्या छपराखालच्या फळीवर किंवा चुलीजवळ ठेवू नये. उष्णता, ओल आणि उजेडाने या गोळीचा गुण कमी होतो.

मोबाईलवर धण्याच्या पाण्याने ‘थायरॉईड मुळापासून’ जातो. धण्याचे पाणी प्यायला हरकत नाही, गोळी सोडून प्यायला आहे. बिननावाच्या पुड्या त्याहून वाईट, कारण त्यांत काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली झोपेची गोळी तर संप्रेरक खूप कमी असलेल्या रुग्णाचा श्वास आणखी मंदावू शकते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्यांनी विहिरीचे पाणी खारट आहे म्हणून आयोडीनयुक्त मीठ टाळू नये. खारटपणा म्हणजे आयोडीन नव्हे. त्याचबरोबर आयोडीनचे थेंब स्वतःहून घेणेही धोक्याचे, त्याने थायरॉईड दोन्ही दिशांना बिघडू शकतो.

धीर देण्याजोगेही पुष्कळ आहे. आजार दुर्मीळ नाही. मुंबई-गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाचा थायरॉईड मंद होता. योग्य मात्रेत त्यातले बहुतेक जण निर्धास्त झोपतात. गरोदरपणात मात्र गोळी एक दिवसही मनाने थांबवू नये. तेव्हा गरज बहुधा वाढते आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते.

काही वेळा थांबून चालत नाही. थायरॉईड वाढलेल्या रुग्णाला जोराचा ताप, बेफाम धडधड, उलट्या आणि बरळणे सुरू झाले; थायरॉईड कमी असलेला माणूस हाका मारूनही नीट जागा होत नाही, अंग गार पडले; किंवा वाढलेल्या थायरॉईडवरचे कार्बिमॅझोल घेणाऱ्याला ताप व घसादुखी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. अमरावतीत इर्विन रुग्णालय, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय रात्रीही उघडे असते. कार्बिमॅझोलच्या रुग्णाने पुढची गोळी न घेता त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात.

सर्वांत जास्त फसवणारी झोप तान्ह्या बाळाची. दूध पाजायला उठवावे लागते, रडणे घोगरे आहे, कावीळ लांबली आहे, शी रोज होत नाही, आणि घरचे कौतुकाने सांगतात, बाळ फार गुणी, त्रासच देत नाही. अशा बाळाचा जन्मजात थायरॉईड कमी असू शकतो. काही बाळांत सुरुवातीला एवढीही लक्षणे नसतात. त्यामुळे जन्मानंतर 48 ते 72 तासांत टाचेतून रक्त घेऊन तपासणी करून घ्यावी आणि दोष निघाल्यास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू व्हावे. उशीर झाला तर बुद्धीची झालेली हानी नंतरच्या कितीही गोळ्यांनी पूर्ण भरून निघत नाही.