आईचा चीक

आपल्याकडे गाय-म्हैस व्याली की शेजारीपाजारी चीक पोचता होतो आणि त्याचा खरवस आपण मिटक्या मारीत खातो. आपल्या कन्नड मैत्रिणी त्यालाच गिण्णु म्हणतात. पण तोच चीक आईच्या स्तनातून आला की 'खराब दूध' ठरतो! माझ्या बहिणीच्या बाळंतपणात आजीने ते पिवळसर दूध पिळून टाकायला लावले, बाळाच्या जिभेवर मधाचे बोट टेकवले, आणि विज्ञान शाखेत शिकणारी मी जवळ उभी राहून गप्प बसले. तेव्हा आदिवासी मातांना 'अज्ञानी' म्हणण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच सांगून टाकते.

खरे म्हणजे आदिवासी आईला 'बाळाला अंगावर पाज' असे सांगावेच लागत नाही. ती वर्ष-दोन वर्षे पाजतच असते. अडचण आहे ती पहिल्या दोन-तीन दिवसांची. भरपूर पान्हा साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो. त्याआधी येतात ते चिकाचे थोडे थेंब. 'दूध उतरलेच नाही' असे समजून बाळाला गुळाचे पाणी, मध किंवा शेळीचे दूध देतात. वास्तविक पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा चमचा-दीड चमचाच मावतो. थेंब थोडे नसतात, पोट लहान असते. शिवाय रोगप्रतिकारक द्रव्ये आणि 'अ' जीवनसत्त्व याच थेंबांत ठासून भरलेले असते. बाळाने लवकर आणि वारंवार चोखले तरच पुढे दूध वाढते. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे घरोघर पोचवायचे कसे? गोंड-माडियांच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले. तेथील नवजात मृत्यूचे प्रमाण हजार जन्मांमागे ६२ होते. तिसऱ्या वर्षी ते २५ च्या आसपास आले. हे श्रेय एकट्या स्तनपानाचे नव्हे. ऊब, स्वच्छता आणि जंतुसंसर्गावरचे उपचार यांचाही त्यात वाटा होता. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. ही आरोग्यदूत बाई भित्तिपत्रक लावून निघून जात नव्हती, बाळंतिणीजवळ बसत होती.

कारण पाजणे हे हाताचे कौशल्य आहे. बाळाच्या तोंडात नुसते स्तनाग्र गेले तर त्याला दूध कमी मिळते आणि आईला भेगा पडतात. भोवतालचा काळसर भाग तोंडात गेला पाहिजे, हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. अशक्त बाळाला चोखता येत नसेल तर दूध हाताने पिळून वाटी-चमच्याने पाजावे लागते. हे व्याख्यानाने येत नाही; कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी ठरवून दिल्या गेल्या. घरी जन्मलेल्या बाळासाठी ४२ दिवसांत सात भेटी, पैकी पहिली जन्माच्याच दिवशी.

मात्र सहा महिने निव्वळ आईचे दूध, हा नियम सांगणे सोपे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. वर्षाची रोख कमाई त्या थोड्या दिवसांतच व्हायची असते, आणि बाई पहाटेच रानात जाते. तान्हे मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर राहते; ते रडले की ती पेज भरवते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे गरम जेवण सुरू केले, ते चांगलेच झाले. पण त्या आठ-पंधरा दिवसांची मजुरी बुडाली तर ती कोण भरून देणार, हे त्या बाईने विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही.