सुईचे नेढे आणि न फिटणारे देणे



आपल्या कमठाण्याहून बिदरचा किल्ला फार दूर नाही. या बिदरशी जोडलेली दामाजीपंतांची कथा तुम्ही कीर्तनात किंवा आजीच्या तोंडून ऐकली असेल. दामाजीपंत हे मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचे अधिकारी होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. त्या धान्याची किंमत भरणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा विठू महाराच्या रूपाने स्वतः विठ्ठल बिदरच्या दरबारात आला आणि सगळी रक्कम भरून पावती घेऊन गेला, असे ही कथा सांगते. देणे एकाचे, फेडले दुसऱ्याने. आजचा पाठ समजून घेताना ही गोष्ट मनात असू द्या.

आपल्या जिल्ह्यात अनेक ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या प्रार्थनेत दोन शब्द वारंवार येतात, 'कृपा' आणि 'तारण'. तारण म्हणजे पापातून सुटका. कृपा म्हणजे आपली लायकी नसताना देवाने दिलेले दान. या दोन शब्दांचा धनाशी काय संबंध आहे, ते आज पाहू.

श्रीमंत माणसाचा प्रश्न

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. एक श्रीमंत माणूस धावत येशूकडे येतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळावे म्हणून मी काय करू? लहानपणापासून त्याने सर्व आज्ञा पाळल्या आहेत. येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो आणि त्याला सांगतो, जे काही आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. मग येशू शिष्यांना म्हणतो की, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे आहे.

काही जण सांगतात की, यरुशलेमेत 'सुईचे नेढे' नावाचा एक लहान दरवाजा होता आणि ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाई. पण त्या काळी असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. शिवाय हा अर्थ घेतला तर गोष्टीचा गाभाच हरवतो. दरवाजा कितीही लहान असला तरी खटपट करून आत जाता येते. सुईच्या नेढ्यातून उंट जाऊच शकत नाही. म्हणूनच शिष्य घाबरून विचारतात, मग तारण तरी कोणाचे होणार? येशूचे उत्तर असे, की माणसाला हे अशक्य आहे, देवाला नाही.

या उत्तरात धन आणि कृपा एकत्र येतात. पैसा मुळात वाईट आहे असे ख्रिस्ती शास्त्र म्हणत नाही. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात दोष दिला आहे तो पैशाच्या लोभाला. धनाचा खरा धोका असा, की 'प्रत्येक गोष्टीची काहीतरी किंमत असते आणि ती मी भरू शकतो' ही सवय मनाला लागते. अशा माणसाला फुकट मिळालेले घेता येत नाही, कारण घेण्यासाठी रिकामा हात पुढे करावा लागतो.

पंडिता रमाबाईंचा अनुभव

आपल्यासारख्याच कर्नाटकातल्या एका मराठी घरात, पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, १८५८ साली रमाबाई डोंगरे जन्मल्या. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान होते. मुलीला आणि पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस त्यांनी त्या काळी केले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर फिरले. मिळालेले धन दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत खर्च झाले. पुढे १८७० च्या दशकातील दुष्काळात हातात काही उरले नाही. रमाबाई सोळा वर्षांच्या सुमारास असताना वडील गेले. थोड्याच महिन्यांत आई आणि थोरली बहीणही गेली.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. एवढे काम चालू असताना, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त तेव्हा त्यांच्या वाचनात आले. कित्येक वर्षे उपदेश केल्यावर आपले स्वतःचे तारण झालेले नाही, हे या गृहस्थांना उमगले होते. रमाबाईंना वाटले, आपलीही तीच गत आहे.

धर्म बदलला, पण हिशेबाची वही जुनीच राहिली होती, असे म्हणता येईल. पुण्य हेही एक प्रकारचे धनच आहे. ते साठवता येते, मोजता येते, त्याचा गर्व करता येतो. ही चूक कोणत्याही धर्माच्या माणसाकडून होऊ शकते, आणि सज्जन माणसाकडून तर अधिक सहज होते.

१९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा अर्थ 'आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष' असा आहे. ज्यांच्या घरातले सगळे धन संपले, त्यांनी हा शब्द निवडला. केडगावच्या त्यांच्या संस्थेचे नावही 'मुक्ती' असेच आहे. १९०० च्या सुमारास तेथे दीड हजारांहून अधिक मुली आणि स्त्रिया आश्रयाला होत्या. पैसा आला तो धान्यात, शेतात, विहिरींत आणि छापखान्यात गेला.

आधी काय, नंतर काय?

कृपेने तारण मिळते, तर चांगले काम कशाला करायचे? लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय याचे उत्तर देतो. तो यरीहोचा श्रीमंत जकातदार होता आणि लोकांना नकोसा झाला होता. येशू स्वतः होऊन त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला. मग जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. क्रम नीट पाहा. पाहुणा आधी आला, दान नंतर झाले. दान ही कृपेची किंमत नव्हती, तो तिचा परिणाम होता.

आता दामाजीपंतांकडे परत येऊ. त्यांचे देणे दुसऱ्याने फेडले, पण दामाजी मुळात परोपकारी होते. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे येशूने क्रुसावर जक्कयसारख्या अपराध्याचेही देणे फेडले. साम्य आहे, तसा हा फरकही लक्षात ठेवावा.

आपल्यासाठी

विद्यार्थ्यांनो, परीक्षेतले गुण हेही तुमचे धनच आहेत. ते जरूर मिळवा, पण कमी गुणांच्या सोबत्यापेक्षा आपण मोठे असे मानू नका. पालकहो, निकालाच्या दिवशी मुलाला ताट वाढताना आधी गुणपत्रिका पाहू नका. न कमावता मिळालेले प्रेम त्याला घरात कळले, तर कृपा या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. विश्वस्त आणि देणगीदारांना नम्र विनंती एवढीच, की भिंतीवर नाव लागो वा न लागो, देताना मन मोकळे असावे. शाळेला आपल्या दानाची गरज आहे, पण त्या दानाने आपण कोणाला विकत घेत नाही, देवालाही नाही.

स्वाध्याय

१. सुईच्या नेढ्याचा 'लहान दरवाजा' असा अर्थ घेतल्यास काय हरवते?
२. पुण्याला धन का म्हटले आहे? रमाबाईंच्या अनुभवावरून सांगा.
३. न मागता, न कमावता तुम्हाला मिळालेली एखादी गोष्ट आठवा. ती मिळाल्यावर तुम्ही काय केलेत, ते दहा ओळींत लिहा.