ब्रेक ऑइल बदलायला शिका: आधी स्वतःच्या गाडीवर, मग गिऱ्हाइकाच्या

टू-व्हीलर सर्व्हिसिंगचा छोटा व्यवसाय सुरू करायचा विचार असेल, तर आजचा धडा वही घेऊन वाचा. व्हिडिओत हात दिसतात, इथे त्यामागची कारणं आणि हिशोब बघू.

गिऱ्हाईक इंजिन ऑइलबद्दल स्वतःहून विचारतं. ब्रेक ऑइलबद्दल सहसा कुणी विचारत नाही, कारण ब्रेक लागतोय तोवर सगळं ठीकच वाटतं. म्हणून हे काम तुम्हालाच समजावून विकावं लागेल. आणि समजावायचं तर आधी स्वतःला कळायला हवं.

का बदलायचं?

डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. नवं डॉट 4 किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मुरलं, की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. आता डबलसीट घाट उतरतोय आणि डिस्क तापलीय असं समजा. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे लिव्हर हँडलपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी हे ऑइल बदलायला सांगतात. नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

काय लागेल?

- झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, सीलबंद बाटलीतलं ऑइल. महिनोन् महिने उघडी पडलेली बाटली वापरायची नाही. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही.
- निपलच्या मापाचा रिंग पाना (बऱ्याच गाड्यांना 8 नंबर), पारदर्शक नळी, रिकामी बाटली, सिरिंज.
- हातमोजे, चष्मा, फडकी आणि बादलीभर पाणी. हे ऑइल रंग खातं. टाकीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा.

कसं करायचं?

1. गाडी मेन स्टँडवर लावा आणि हँडल असं वळवा की ऑइलची डबी सपाट राहील. टाकीवर फडकं टाका.
2. आधी ब्रेक पॅड बघा. पॅड झिजले की डबीतली लेव्हल आपोआप उतरते. नुसतं टॉप-अप करून गिऱ्हाइकाला पाठवू नका.
3. झाकण पुसून बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने उघडा. हे स्क्रू मऊ असतात, सहज खराब होतात. जुनं ऑइल सिरिंजने ओढा आणि नवं भरा.
4. कॅलिपरच्या निपलवर आधी पाना, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा.
5. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, ऑइल येऊ द्या, निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. क्रम चुकला तर हवा आत जाते.
6. नळीत स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल येईपर्यंत हेच चालू ठेवा. दर चार-पाच वेळा डबी बघा, ती रिकामी होता कामा नये.
7. निपल बेताने कसा, लेव्हल करा, झाकण लावा. लिव्हर कडक लागला पाहिजे. दाबून धरून कुठे गळतंय का बघा. पहिली चाचणी पायी चालण्याच्या वेगाने, मोकळ्या जागेत.

जुनं ऑइल गटारात ओतू नका, झाकणाच्या वेगळ्या डब्यात साठवा.

क्लचचं काय?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना क्लच वायर असते, तिथे ऑइलचा प्रश्नच नाही. काही मोठ्या गाड्यांना हायड्रॉलिक क्लच असतो. पद्धत जवळजवळ हीच, पण काहींत ब्रेक ऑइलऐवजी मिनरल ऑइल लागतं. चुकीचं भरलं तर आतले रबर सील फुगून खराब होतात. झाकण वाचल्याशिवाय हात घालायचा नाही.

आता धंद्याचा हिशोब

समजा बाटली 150 रुपयांची आणि तिच्यात दोन गाड्या होतात. म्हणजे गाडीमागे माल 75 रुपये. पण दोन गाड्या एकाच दिवशी आल्या तरच! उघडी बाटली पुढच्या महिन्यासाठी ठेवायची नसेल, तर लहान बाटल्या घ्या किंवा हे काम आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी ठेवा. मजुरीत चाचणीचा वेळही धरा.

जुनं आणि नवं ऑइल दोन पारदर्शक बाटल्यांत शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला दाखवा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ग्रेड लिहा. दोन वर्षांनी फोन करायला हीच नोंद कामी येते.

आणि नाही म्हणायलाही शिका. एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली असेल, तर ती काढायला बऱ्याचदा स्कॅनर लागतो. कॅलिपर गळत असेल तर नुसतं ऑइल बदलून भागत नाही. अशी गाडी योग्य ठिकाणी पाठवा. मजुरी बुडेल, पण त्या गाडीवर कुणाचं तरी घर बसलेलं असतं.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या गाडीचं ब्रेक ऑइल जाणकार मेकॅनिकला शेजारी उभं करून बदला. लागलेला वेळ, ऑइल आणि अडलेली पायरी वहीत लिहा. कुणाच्याही मदतीशिवाय लिव्हर सलग तीन वेळा कडक आला, तरच दरपत्रकात हे काम टाका.