कावीळ ‘ब’ आणि ‘क’ : गोळ्यांचा गुण प्रत्यक्षात किती येतो?



आपल्याकडे कावीळ म्हटली की उसाचा रस आणि पथ्य. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय रसाला मिळते. ऊस विकास अधिकारी असूनही सांगतो, रसाने विषाणू मरत नाही. ‘ब’ आणि ‘क’ कावीळ रक्तावाटे, दूषित सुईवाटे येते. ‘ब’ तर बाळंतपणात आईकडून बाळालाही लागते. कित्येकदा डोळे पिवळे होतच नाहीत आणि लिव्हर वर्षानुवर्षे आतून खराब होत राहते.

‘क’ वर आता साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्या आहेत. औषधांच्या चाचण्यांत शेकडा 95 रोगी बरे झाले. पण प्रयोगक्षेत्रातला उतारा आपल्या शेतात पडतोच असे नाही, हे आपण जाणतोच. पंजाब सरकारने 2016 साली जिल्हा रुग्णालयांतून ही औषधे फुकट देणे सुरू केले. सुमारे 48 हजार रोग्यांचा हिशेब पुढे प्रसिद्ध झाला. त्यात शेकडा 80 खेड्यांतले होते. औषध पुरे करून शेवटची तपासणी केलेल्यांत शेकडा 91 विषाणूमुक्त निघाले. मात्र सुरुवात केलेले सगळेच धरले, तर आकडा शेकडा 68 च्या आसपास येतो. यातल्या मोठ्या भागात औषध हरले नाही, रोगीच परत आला नाही! गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी रक्त तपासल्याशिवाय बरे झालो असे धरू नये.

‘ब’ ची गोष्ट लव्हाळ्यासारखी. वरची पात जळते, जमिनीतली गाठ राहते. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोज एक गोळी विषाणू दाबून ठेवते, लिव्हरची हानी रोखते. मुळापासून क्वचितच काढते. ‘बरे वाटते’ म्हणून मनानेच गोळी सोडली, तर रोग एकदम उसळू शकतो. प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. ते डॉक्टर रक्त पाहून ठरवतात.

लिव्हर आधीच आकसले असेल, तर ‘क’ बरी झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते.

28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. कळमन्याला माल घेऊन जाणाऱ्यांनी त्याच फेरीत मेडिकल किंवा मेयोत चौकशी करावी. जुने रिपोर्ट असतील तर सोबत न्यावेत.